शिगेनं भरलेलं चिपटं : सोलापूर, मोडनिंब, वैराग

मोडनिंबला जायचं मी ठरवलं नव्हतं. ठरलं होतं वैराग. तिथल्या चार-पाच शेतकऱ्यांनी ब्रॉयलर कोंबड्या पाळायचं मनावर घेतलं होतं आणि खाद्यात खनिजं कशी मिसळायची ते दाखवायला मला बोलावलं होतं. सोलापूरहून वैराग म्हणजे सरळ रस्ता, दीड-दोन तासांचा. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. पण निघायच्या आदल्या दिवशी सुमनचा निरोप आला. सुमन म्हणजे माझी मेव्हणी, बायकोची धाकटी बहीण, मोडनिंबला दिलेली. एस.टी.तून उतरलेल्या ओळखीच्या माणसानं दारात उभं राहूनच सांगितलं, "दाजींना म्हणावं, कोंबड्या बसल्यात. उठत न्हाईत. येऊन जावा."

हा दुसरा निरोप होता. पहिला तीन आठवड्यांपूर्वीचा, पाय अडखळतात म्हणून. त्याला मी पोस्टकार्डानं उत्तर दिलं होतं. ते उत्तर काय होतं ते पुढं येईलच.

आधी माझ्याविषयी थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी सोलापुरात गिरणीत फिटर आहे. शिक्षण सातवी. इंग्रजी शिकलो ते शब्दकोश मांडीवर घेऊन, मशीनच्या पुस्तकांतून. यंत्राच्या दांड्याला अर्ध्या सुताचा फरक पडला तर तो मला बोटाला कळतो, गेज लावावं लागत नाही. कोंबड्यांचा नाद लागला तोही पुस्तकांतूनच. सरकारी माहितीपत्रकं गोळा केली, पुण्याच्या एका कुक्कुटशाळेला पत्रं लिहून उत्तरं मागवली आणि अक्कलकोट रस्त्याच्या माझ्या जागेत शंभर पिल्लं वाढवून दाखवली. कुणाकडं शिकायला गेलो नाही. याचा मला अभिमान आहे, आणि आजही तो पुरता गेलेला नाही हे प्रामाणिकपणे सांगतो.

खनिजांचं मिश्रण माझं स्वतःचं. निर्जंतुक केलेला हाडांचा चुरा, चुनखडीची बारीक पूड, मीठ, आणि नखाएवढ्या प्रमाणात मँगनीज, जस्त, मोरचूद, आयोडीनचा क्षार. शेवटच्या चार वस्तू मी सोनाराकडून आणलेल्या तराजूवर तोलतो. ब्रॉयलर कोंबडी आठ-दहा आठवड्यांत विक्रीला येते. एवढ्या घाईनं वाढणाऱ्या जिवाची हाडं मांसाच्या मागं पडली तर पाय वाकतात, म्हणून ही सगळी खटपट. ज्यांना हा धंदा करायचा आहे त्यांनी बाकी काही विसरलं तरी एवढं विसरू नये: खनिजं चिमटीतली असतात, पण कोंबडी त्यांच्यावर उभी असते.

निघायच्या सकाळी मंगळवार पेठेत वीरभद्रप्पांच्या दुकानावरून चुनखडीची पूड घेतली. "बर्री, मिस्त्री, बर्री," म्हणून त्यांनी पाट सरकवला. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि पुडी बांधताना दोन्ही.

"आमच्या घरात अंडंसुद्धा शिवत नाहीत," ते म्हणाले, "आणि तुमच्या कोंबड्यांचे पाय आम्ही घट्ट करतोय. वर गेल्यावर याचा जाब मला द्यावा लागणार की."

"पाप माझ्या नावावर लिहा."

"हाडांची पूड मागत नाही तुम्ही आमच्याकडं, एवढी कृपा आहे," असं म्हणून त्यांनी पुडीच्या वर आणखी एक चमचा पूड टाकली. "हे वरचं."

सगळेच दुकानदार वरचं घालतात. मी तेव्हा त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

पहिला दिवस : मोडनिंब

सोलापूर स्टँडवरून पुण्याच्या बाजूला जाणारी कुठलीही गाडी चालते, फक्त मोडनिंबला थांबते का ते आधी विचारून घ्यावं. जलद गाड्यांचे कंडक्टर मोहोळला उतरवतात आणि मग उन्हात ताटकळावं लागतं. तिकीट चार रुपयांच्या आत. डाव्या बाजूची खिडकी घ्यावी, सकाळचं ऊन लागत नाही. सीना ओलांडताना पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त होती. पुढं दोन्ही अंगाला ज्वारी हुरड्याला आलेली, मधूनच करडईचे पिवळे पट्टे. दुष्काळाच्या साली याच रस्त्याच्या कडेला माणसं खडी फोडत बसलेली मी पाहिली होती. आता त्याच खडीवरून गाडी गुळगुळीत जात होती. मोहोळला दहा मिनिटं थांबते. तिथं भजी घ्यावीत, चहा घेऊ नये, पाणी मचूळ आहे.

मोडनिंबला साडेअकराला उतरलो. साडू, म्हणजे सुमनचा नवरा निवृत्ती, स्टँडवर सायकल घेऊन उभा होता. माणूस सरळ, शेतात राबणारा, बोलणं कमी. माझी पिशवी त्यानं कॅरेजला अडकवली.

"किती गेल्या?" मी विचारलं.

"काल मोजल्या तवा सत्तावीस. आज मोजल्या न्हाईत."

दीडशेतल्या सत्तावीस. 

सुमनची शेड घराच्या मागं, जुन्या गोठ्याच्या जागेत. ती मी याआधी एकदाच पाहिली होती आणि खरं सांगतो, माझ्या शेडपेक्षा ती चांगली आहे. होती. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन आत शिरत नाही. जमिनीवर ज्वारीच्या तुसाचा चार बोटं थर, रोज हलवलेला, कोरडा. पाण्याची भांडी घासूनपुसून. हे सगळं तिनं एकटीनं उभं केलं होतं. सासूनं गोठा सोडला तो एका अटीवर: पिल्लांच्या तीन खेपा करून बघ, तिसरी बिघडली तर गोठा जनावरांचा. पहिल्या दोन खेपा पुण्याच्या तयार खाद्यावर झाल्या आणि उत्तम झाल्या. तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, तयार खाद्य कशाला, घरची ज्वारी आहे, मका आहे, शेंगेची पेंड आहे, खनिजं मी देतो. चार्ट लिहून दिला.

ही तिसरी खेप होती.

कोंबड्या बसल्याच होत्या. पांढऱ्याशुभ्र, अंगानं बेताच्या, काहींचे गुडघे सुजून एका बाजूला वळलेले. दाण्याच्या भांड्यापर्यंत पंखांवर रेटत जात होत्या. मी एक उचलली, पाय चाचपला. हाड बोटाखाली दबल्यासारखं लागलं.

दारात सुमनची सासू येऊन उभी राहिली. "बघा पाव्हणं. म्या पैल्यापासनं सांगतीया, हिच्या हाताला यश न्हाय. म्हशीला हात लावला, म्हस आटली. आता ह्या विलायती आणल्या, त्याबी बसल्या."

"म्हस म्हातारी व्हती, आई," निवृत्ती म्हणाला.

"तू गप. तुला काय कळतंय."

 सुमन काही दारोदार जाऊन विक्री करणारी धीट बाई नव्हे, पण आपली शेड म्हटल्यावर तिच्या चालण्यात जो एक सरळपणा आला होता तो मी मागच्या वेळी पाहिला होता. या वेळी ती पदर सारखा करत भिंतीला लागून उभी होती.

मी चार वाजेपर्यंत सगळं तपासलं. पाणी चाखून बघितलं. तूस हुंगलं. पेंडीला बुरशी नाही. मिश्रणाचा डबा उघडला, माझंच मिश्रण, ओल नाही, खडे नाहीत. मग दाणे घालायची वेळ झाली आणि मी म्हणालो, "घाल, मी बघतो."

घासलेटच्या रिकाम्या डब्यात तिनं भरडा भरला. माझ्या चार्टवर होतं, एका डब्याला एक चिपटं खनिज. शेर-पायली सरकारनं कागदावरून काढून टाकल्याला वर्षं झाली, पण घरोघरी पाव शेराचं लाकडी चिपटं, अर्ध्या शेराचं मापटं आहेच, आणि खेड्यात ग्रॅमचा तराजू कुठला, म्हणून मीच मोठ्या समजूतदारपणानं चिपट्यात हिशोब बसवून दिला होता. घरी चिपटं सपाट भरून, वर पट्टी फिरवून, तीन वेळा तोलून.

सुमननं चिपटं मिश्रणात घातलं. काठोकाठ भरलं. त्याच्यावर बारीक पुडीची उभी शीग चढवली, देवळाच्या शिखरासारखी, कण सांडू न देता. ते डब्यात ओतलं. पुन्हा चिपटं, पुन्हा शीग. आणि दोन्ही झाल्यावर डाव्या हातानं वर एक मूठ.

मी मनात हिशोब केला. माझ्या चिपट्याच्या दीडपट तिचं चिपटं. अशी दोन, आणि वर मूठ. तिप्पट, किंवा त्याहून जास्त.

"सुमन," मी म्हणालो, "सपाट भरायचं असतं गं ते."

तिनं नवलानं माझ्याकडं पाहिलं. "सपाट? दाजी, तोंड हाय की त्यांना. खानाऱ्याला सपाट माप घालू व्हय?"

बरोबर होतं तिचं. आमच्या भागात दाणे मोजून देताना शीग काढून घेणारा माणूस बदनाम होतो, चार गावांत त्याच्या चिक्कूपणाची गोष्ट होते. सुताराला, कुंभाराला, दारात आलेल्याला माप जायचं ते शिगेनं, आणि वर मूठ. तिच्या आईनं, माझ्या सासूनं, तिला हेच शिकवलं होतं. माझ्या बायकोलाही. माझ्या घरात रोज डोळ्यांसमोर पीठ असंच मोजलं जातं. अर्ध्या सुताचा फरक ओळखणाऱ्या माणसाला ते कधी दिसलं नव्हतं.

पण शीग ही निम्मीच चूक. दुसरं चिपटं कुठून आलं? ते माझ्या पोस्टकार्डातून आलं होतं. पाय अडखळतात हा पहिला निरोप आल्यावर मी जागेवर बसून लिहिलं होतं: "पाय लुळे म्हणजे चुना कमी. घाबरू नये. प्रत्येक डब्याला आणखी एक चिपटं वाढवावे." खाली सही. न बघता, न येता, न विचारता.

ते कार्ड तिथंच होतं. शेडच्या वाशात खोचलेलं, माझं अक्षर वर दिसत होतं.

"काय झालं?" निवृत्तीनं विचारलं.

मी म्हणालो, "मापात चूक झालीय. खनिज जास्त पडतंय."

एवढंच म्हणालो. वाक्य खोटं नव्हतं. पण ते बोललो तेव्हा मापाचं चिपटं सुमनच्या हातात होतं, आणि सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"म्हनलं न्हवतं?" सासू म्हणाली. "चिपटं भराया येत न्हाय, आन कोंबड्या पाळतीया."

सुमननं वाशाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही, पण मला वाक्य पुरं करायला तो पुरेसा होता. मी मान खाली घालून कोंबडीचा पाय पुन्हा चाचपायला लागलो. तिनं चिपटं डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि म्हणाली, "हात धुवा दाजी, भाकरी टाकते."

दुसरा दिवस : वैराग

मोडनिंबहून वैरागला थेट गाडी मिळाली तर नशीब. नाहीतर शेटफळला बदलायची, माढ्यावरून पुढं जायचं. रस्ता माढ्यापर्यंत बरा, पुढं खड्ड्यांत थोडा रस्ता. पाणी बरोबर ठेवावं. सुमननं पहाटेच उठून चुलीवर भाकरी केल्या होत्या, शेंगाचटणी बांधून दिली होती. मी एक लुळी कोंबडी पाटीत घालून, वर फडकं बांधून घेतली, वैरागच्या जनावरांच्या दवाखान्यात दाखवायला.

कंडक्टरनं फडकं उचलून आत बघितलं. "हिचं तिकीट?"

"आजारी आहे."

"आजारी मानसाला सोडतो का फुकट? अर्धं काढा." मग पंच वाजवत म्हणाला, "खिडकीशी बसवा तिला, वारं लागंल."

गाडी हसली. मीही हसलो असेन.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण, नुकतेच शिकून आलेले. ब्रॉयलर म्हटल्यावर त्यांना उत्साह आला. आमच्या भागात त्यांच्याकडं बैल आणि म्हशीच येतात. त्यांनी कोंबडी मारली, टेबलावर उघडली. मूत्रपिंडं सुजलेली, त्यांच्यावर खडूसारखे पांढरे ठिपके. मांडीचं हाड त्यांनी दोन्ही हातांत धरून वाकवलं, ते कडकन न मोडता वळलं.

"चुना किती देता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मग बरोबर. मिस्त्री, कमी चुन्यानं पाय जातात तसेच जादा चुन्यानंही जातात. चुना प्रमाणाबाहेर गेला की स्फुरद अंगी लागत नाही, मँगनीज अंगी लागत नाही. बाहेरून दिसायला दोन्ही सारखंच. म्हणून आधी खाद्य बघायचं, मग पाय." त्यांनी हात धुतले. "सांध्यावर सुजल्यात त्या गेल्या. पण ज्या अजून उभ्या राहतात त्या वाचतील. आठ दिवस चुनखडी बंद करा, नुसता हाडांचा चुरा द्या, मँगनीज मी लिहून देतो तेवढं. निम्म्याहून जास्त पदरात पडतील. वाढवायला कुणी सांगितलं हे?"

पुस्तकातलं ते वाक्य मी वाचलं होतं. जादा चुन्याचं. वाचून पुढं गेलो होतो, कारण मला पाय बळकट करायचे होते आणि जादा हा आपला प्रश्न नाही असं वाटलं होतं. ते पान मला डोळ्यांसमोर दिसत होतं, डाव्या बाजूचं, खालून तिसरी ओळ.

मी म्हणालो, "घरच्या बाईनं. अंदाजानं."

डॉक्टर हसले. "बायकांचा हात सैलच."

मी त्यांच्याबरोबर हसलो. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहितोय.

दुपारी जेवलो. बाजारापाशी खानावळ आहे, कडक भाकरी, आमटी, कांदा, दीड रुपयात पोटभर. आमटी झणझणीत आहे, शहरी माणसानं आधी चाखून बघावी. मग शेतकरी जमले, एका पेंडीच्या गोदामाच्या ओसरीवर. मी तराजू मांडला, पुड्या मांडल्या आणि सवयीनं बोलायला लागलो. बोलणं मला जमतं. मँगनीजचे चार खडे चिमटीत धरून दाखवले, शंभर कोंबड्या एवढ्यावर उभ्या असतात म्हणालो, तेव्हा सगळे पुढं सरकून बघायला लागले.

मागं एक म्हातारे गृहस्थ डोक्याला टॉवेल गुंडाळून बसले होते. ते म्हणाले, "तराजू छान हाय तुमचा. आमच्यात सोनार न्हाय. चिपट्यानं सांगा की."

सगळे हसले, आणि मी तराजू बाजूला सारला.

मग मी सांगितलं. चिपटं सांगतो, पण सपाट. पट्टी फिरवून. शीग नाही, वरची मूठ नाही. आणि पाय लुळे पडले तर वाढवू नका, आधी मला किंवा डॉक्टरला खाद्य दाखवा. एके ठिकाणी मी सपाट म्हणायला विसरलो, आणि पाय लुळे पडल्यावर न बघता दुप्पट करायला लिहून पाठवलं. माझ्यामुळं त्या कोंबड्या बसल्या.

हे अनोळखी माणसांसमोर इतकं सहज निघून गेलं की मलाच नवल वाटलं. बरंही वाटलं. दोघं-तिघं मान डोलावून म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस.

टॉवेलवाले म्हातारे मात्र माझ्याकडं बघतच राहिले. "हे तुमी हितं सांगितलं," ते म्हणाले. "तितं सांगितलं का?"

तिसरा दिवस : पुन्हा मोडनिंब

वैरागहून सोलापूरची गाडी समोर उभी असताना मी उलटा माढ्याच्या गाडीत बसलो. आदल्या संध्याकाळी तिकडं जायला काही मिळालं नाही, म्हणून ती रात्र गोदामाच्या ओसरीवर काढली. पहिली गाडी सातला सुटते आणि माढ्यात पुढची गाडी येईपर्यंत तास-दीड तास जातो. हा वळसा कुणी घालू नये. मोडनिंब आणि वैराग दोन्ही बघायचं असेल तर आधी वैराग करावं, मोडनिंबला शेवटी निवांत राहावं. आणि तिथं जे बोलायचं ते पहिल्याच दिवशी बोलावं.

दहाला पोचलो. स्टँडवर कुणी नव्हतं, मी येणार हे कुणाला ठाऊक नव्हतं. मागच्या दारानं शेडकडं गेलो. तुसावर पिसं होती, पाण्याची भांडी एकात एक घालून ठेवली होती, आणि कोपऱ्यात एक कालवड बांधली होती. ती माझ्याकडं बघून रवंथ करत राहिली.

निवृत्ती आला. "टेंभुर्णीचा खाटीक टेम्पो घेऊन आला व्हता काल सांजंला. उभ्या-बसलेल्या सगळ्या एकदम दिल्या."

"ऐंशीतरी वाचल्या असत्या रे. डॉक्टरनं सांगितलंय." मी कागद काढला. "आठ दिवस थांबायचं होतं."

"थांबून काय करायचं, पाव्हणं? मापच कळत न्हाय म्हनल्यावर. आज तुमी सांगून जाल, उद्या पुन्ना चुकंल. आई म्हनली, अट ती अट."

सासू पडवीत शेंगा फोडत होती, सुमन तिच्या शेजारी. मी उभ्यानंच सांगितलं. मावशी, चूक सुमनची नाही. सपाट भरायचं हे मी सांगितलं नव्हतं. आणि पाय गेले तेव्हा दुप्पट करा असं मीच पोस्टकार्डावर लिहून पाठवलं. माझ्या सहीनिशी. परवा मी हे बोलायला हवं होतं.

सासूनं हातातली शेंग सुपात टाकली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट माझ्याशी इतक्या मायेनं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "पाव्हणं, तुमी लई थोर मानूस. मेव्हणीला पाठीशी घालाया सोलापूर सोडून हितवर आला. पन तुमची चूक कशी व्हईल? तुमी सोन्याच्या काट्यावर तोलता. साऱ्या गावाला ठावं हाय."

"मावशी, खरंच सांगतोय. कार्ड आहे. शेडच्या वाशात आहे."

"न्हाय तितं काय," निवृत्ती म्हणाला. "वासं म्या झाडून काढलं काल."

मी सुमनकडं पाहिलं. तिनं शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"जाळलं म्या," ती म्हणाली. "तुमी वैरागला निघाला त्या सकाळी. भाकरी करताना."

"का गं?"

"तुमी गप बसला. मला वाटलं, ते कुणाला दिसू नये असं हाय तुमच्या मनात. ताईचं माणूस. कुणी नाव ठिवायला नको." तिनं दोन शेंगा फोडल्या. "परवा बोलला असता दाजी, तर काढून दावलं असतं."

"बघा," सासू म्हणाली, "आता कारडाचं नाव सांगाया लागली. दोघं मिळून ठरवून आल्यासारखं. जाऊ द्या पाव्हणं, झालं ते झालं. च्या ठेव गं सुमे."

सुमन उठली आणि चहा ठेवायला गेली. मी आणखी दोनदा सांगून बघितलं. जितकं सांगावं तितका मी मोठा होत गेलो आणि ती लहान. शेवटी मी चहा प्यालो. साखर जास्त होती, पाहुण्याला घालतात तशी.

दुपारच्या गाडीनं सोलापूरला आलो. निवृत्तीनं स्टँडपर्यंत पोचवलं, पिशवी गाडीत ठेवून दिली.

घरी

बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "तिनं कार्ड जाळलंय हे आधी कळलं असतं, तर तुम्ही परत गेला असता का?" मी म्हणालो, जाळलं हे मला ठाऊकच नव्हतं, म्हणजे गेलोच की. ती म्हणाली, "हं." मग ताट उचलून ती आत गेली.

माझा चार्ट ज्यांच्याकडं आहे त्या सगळ्यांना मी पत्रं पाठवली आहेत. माप सपाट, पट्टी फिरवून. शक्य असेल त्यानं वजनानंच घ्यावं. पाय लुळे पडल्यास काहीही वाढवू नये. माझा शब्द पुस्तकापेक्षा जास्त मानू नये, हेही लिहिलं. दोघांची उत्तरं आली, मिस्त्री तुम्ही उगाच कमीपणा घेता म्हणून. निवृत्तीला आणि त्याच्या आईला मी सही करून वेगळं पत्र लिहिलं, सगळं क्रमवार. निवृत्तीचं उत्तर आलं: आई म्हणते, एवढा त्रास कशाला घेतला.

संक्रांतीनंतर सुमन चार दिवस आमच्याकडं राहून गेली. अक्कलकोट रस्त्याला माझ्या कोंबड्या बघायला चल म्हणालो, तर म्हणाली, "नको दाजी, ऊन हाय." ऊन नव्हतं.

या वाटेनं जाणाऱ्यांसाठी शेवटचं. ब्रॉयलरची शेड कशी असावी ते बघायला मोडनिंबला उतरा, असं मी पूर्वी बऱ्याच जणांना सांगितलं आहे. आता उतरू नका, तिथं शेड नाही. स्टँडवर चौकशी केलीत तर लोक सांगतील, होती एक, पण त्या बाईला माप भरता येत नव्हतं. ते खरं नाही. तिनं माप मी लिहिलं तसंच भरलं होतं.